ओठांवरची साक्ष

“मयत बाईला आवाजच नव्हता. मग तिनं मरण मागितलं ते कुठल्या तोंडानं?”

सरकारी वकील घोरपडे असं म्हणाले आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होते. मयत बाई म्हणजे माझी आई, हौसाबाई हावळ. आणि हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, आरोपीच्या पिंजऱ्यात, दोन पोलिसांच्या मधे उभे होते ते माझे आण्णा. आईच्या गळ्यावर उशी दाबून तिला मारलं, हा त्यांच्यावरचा खटला.

मला असा राग आला म्हणता! मी यंत्रमागावरची बाई, तोंडानं फटकळ.

“तुमी आत्ता बोलला त्याच तोंडानं,” मी म्हटलं. “आवाज न्हवता तिला. ओठ होते की.”

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “बाई, विचारलं तेवढंच सांगा.”

आमचे वकील पोतनीस खुर्चीतून हळूच हात खाली दाबल्यासारखं करत होते. शांत हो, शांत हो. त्यांचं बरोबर होतं. सगळा खटला त्या दिवशी माझ्या जिभेवर होता.

पंचवीस वर्षं झाली त्याला. तेव्हा मी सत्तावीसची. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी परत आलेली. इचलकरंजीत आमच्या घरात सगळे मागावरचे. आण्णा तीस वर्षं यंत्रमाग चालवत होते, आई त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, मी पण चौदाव्या वर्षी तिथंच चिकटले. एकट्या माझ्या धाकट्या भावाला, दिगूला, आईनं कारखान्याची पायरी चढू दिली नाही. “माझं हे पोर खडखडाटात बहिरं व्हायचं न्हाई,” म्हणायची. त्याला शिकवलं, आणि तो पुण्याला एका कंपनीत लागला.

त्या खडखडाटाची तुम्हाला कल्पना यायची नाही. चाळीस माग एकदम चालू असले की कानाशी बोंबललेलंही ऐकू येत नाही. मग माणसं काय मुकी बसतात होय? आम्ही ओठांवर बोलतो. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. कुणाची सून भांडली, कुणाच्या घरी काय शिजलं, मुकादम कसा मेला नाही अजून, सगळं पार या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आई आणि आण्णांचं लग्नसुद्धा असंच जमलं होतं, मधे बारा माग आणि कुणाला पत्ता नाही.

आईच्या घशात गाठ झाली तेव्हा डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली. गळ्याला भोक, श्वास तिथूनच. बाकीच्यांना ती मुकी झाली, पण आम्हा दोघांना काडीचा फरक पडला नाही. ती ओठ हलवायची, आम्ही बोलायचो. दिगू आला की मात्र त्याची पंचाईत. आई चौथी शिकलेली, पाटीवर वाकडंतिकडं लिहायची, ‘जेवलास का’, ‘वाळलास’. तो पाटी हातात धरून बसायचा आणि नंतर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून यायचा.

दीड वर्षानं गाठ परत आली. या वेळी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. त्यानंतरचे दोन महिने मी सांगत नाही. माणूस असं मरू नये, एवढंच. गोळ्यांचा अंमल तास-दीड तास टिकायचा आणि मग ती नुसती तोंड उघडून पडायची. आवाज नसलेलं ओरडणं बघितलंय कधी? देव करो आणि तुमच्या नशिबी न येवो.

मग एका गुरुवारी मी दुपारच्या जेवणाला घरी आले तर दारात गर्दी. आई गेलेली. आण्णा घरात नव्हते. ते चालत चालत पोलीस चौकीत गेले होते आणि बाकावर बसून म्हणाले होते, “माझ्या बायकोला मी मारलं. तिचे हाल बघवले न्हाईत.” म्हणे पहिल्यांदा हवालदारानं त्यांना वेडा समजून चहा पाजला.

पोतनीस वकिलांनी मला आणि दिगूला समोर बसवून कायदा सांगितला, तो मला अजून तोंडपाठ आहे.

“दया हा शब्द कायद्यात नाही,” ते म्हणाले. “वैरानं मारलं काय आणि कळवळ्यानं मारलं काय, खून तो खून. तीनशे दोन. कमीत कमी जन्मठेप.”

“आण्णानी तिला सोडवलं वो,” मी म्हटलं. “सगळ्या गल्लीला म्हायती हाय.”

“गल्ली निकाल देत नाही. एकच फट आहे. मरणारं माणूस अठराच्या वरचं असेल आणि त्यानं स्वतःच्या राजीखुशीनं मरण पत्करलं असेल, तर तो खून धरत नाहीत. गुन्हा राहतोच, शिक्षा होतेच, पण ती पाच-सात-दहा वर्षांवर येते. तुमच्या आईनं मागितलं होतं का?”

“मागितलं होतं. सोमवारी. माझ्यासमोर.”

दिगूनं माझ्याकडं वळून बघितलं. त्याला हे ठाऊक नव्हतं.

खरंच मागितलं होतं. सोमवारी संध्याकाळी मी तिचे पाय दाबत होते, आण्णा उशाशी. तिनं त्यांचं मनगट धरलं आणि ओठांवर म्हणाली, “मला सोडवा आता. तुमच्या हातानं सोडवा.” आण्णा म्हणाले, “काय बोलायलीस हे?” आणि उठायला लागले तर ती मनगट सोडेना. मी किंचाळले, “आई, गप!” बस्स. एवढंच झालं होतं.

पोतनीस खूश झाले, पण लगेच बोट वर करून म्हणाले, “ध्यानात ठेव. राजीखुशी सोमवारची चालत नाही. जीव गेला त्या घटकेला असावी लागते. गुरुवारचं काय?”

गुरुवारचं मला माहीत नव्हतं. सकाळी मी कारखान्यातल्या पाळीवर निघाले तेव्हा आई गोळीच्या गुंगीत होती. आण्णांना वकिलांनी दहादा विचारलं असेल. ते एकच म्हणायचे, “मी केलं.” मागितलं होतं का, म्हटलं की मान खाली. मी तुरुंगात भेटायला जायचे. जाळीपलीकडं पन्नास माणसं आरडाओरडा करत असायची, म्हणजे आमच्या मागासारखंच. मला वाटायचं, आता ओठांवर तरी सांगतील. पण मी “आण्णा, त्या दिवशी...” एवढं म्हटलं की ते तोंड भिंतीकडं फिरवायचे. तोंडच दिसलं नाही तर मी काय वाचणार, कपाळ?

तर अशी मी कोल्हापूरच्या कोर्टात उभी होते. सोमवारचं सगळं सांगून झालं होतं आणि घोरपडे वकील ते खोटं पाडायला उठले होते.

“साहेब,” ते जज्जांना म्हणाले, “ओठ बघून बोलणं कळतं, ही बनवाबनवी आहे. आरोपी हिचा बाप. उद्या ही म्हणेल, आमचं मांजर पण बोलतं.”

मग त्यांनी वळून आपल्या ज्युनिअरकडं बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं. आवाज शून्य.

“पढवून आणलीय पोरगी, असं म्हणाले हे,” मी मोठ्यानं सांगितलं.

ज्युनिअरच्या हातातला कागद खाली पडला. जज्जसाहेब सरळ झाले.

“म्हणालात तुम्ही असं?” त्यांनी विचारलं.

घोरपड्यांचे कान लाल झाले. “म्हणजे... तो अंदाज असू शकतो, साहेब.”

“मग अंदाज येणार नाही असं काहीतरी बोला. तिकडे लांब जाऊन उभे राहा. आवाज काढायचा नाही.”

घोरपडे हॉलच्या टोकाला गेले, आण्णांच्या पिंजऱ्याच्या शेजारीच. जरा विचार केला आणि ओठ हलवले. माणूस चांगला बोलायचा हो, एकेक अक्षर स्वच्छ.

“माझी सासुरवाडी गडहिंग्लजची,” मी म्हटलं, “पन मी दहा वर्सं तिकडं पाय ठेवला न्हाई.”

सगळं कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, आण्णांच्या बाजूचा पोलीस हसला. घोरपडे पण शेवटी हसले आणि हात वर करून म्हणाले, “मान्य.” मला तर वाटलं, जिंकलो. दिगू पहिल्या बाकावर बसला होता, त्यानं डोळे पुसले.

घोरपडे आपल्या टेबलाकडं चालत येता येता म्हणाले, “सोमवारचं मी सोडून देतो. पण बाई मेली गुरुवारी. मला आता गुरुवारचं विचारायचंय.”

“एक मिनिट,” जज्जसाहेब म्हणाले. “आधी हा प्रयोग नोंदवून घेऊ.” आणि ते टायपिस्टाला सांगायला लागले. साक्षीदाराने इतक्या फुटांवरून, वगैरे. टाइपरायटर खडखडायला लागला. घोरपडे कागद चाळायला लागले, पोतनीस वाकून नोंद बरोबर होतेय ना ते ऐकत होते. कुणाचंच माझ्याकडं लक्ष नव्हतं.

मी समोर बघितलं. आण्णा माझ्याकडं बघत होते. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं.

मी ओठ हलवले. “आण्णा, आता इचारतील. गुरुवारी काय म्हणाली आई?”

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. पोलीस बाजूच्याशी बोलत होता.

“थांबा म्हणाली,” आण्णांचे ओठ म्हणाले.

मला नीट दिसलं नाही असं वाटलं. मी परत विचारलं, “काय?”

“थांबा म्हणाली. आज नको. रविवारी दिगू येतोय. त्याला एकदा बघू दे, मग सोडवा.”

मी पिंजऱ्याचं लाकूड घट्ट धरलं. मागे तो टाइपरायटर चालूच, खट खट खट.

“मग?” मी विचारलं. “मग का वो आण्णा?”

“तीन दिस रातचं बसून मी मनाचा हिय्या केला होता. सकाळी गोळी उतरली आणि परत तसंच चालू झालं तिचं. मला वाटलं, आत्ता न्हाई तर परत माझ्याच्यानं हुणार न्हाई.” त्यांचे ओठ थरथरायला लागले, वाचणं कठीण झालं. “तिनं माझा हात धरला होता, रत्ना. सोमवारसारखा न्हाई. ढकलत होती.”

अरे देवा! भर कोर्टात, जज्जासमोर, चाळीस माणसांत माझा बाप मला हे सांगत होता आणि कुणाच्या कानावर एक अक्षर जात नव्हतं. आताच सगळ्यांनी मान्य केलं होतं की मला लांबून ओठ वाचता येतात. पण आरोपीलाही ओठ आहेत, हे त्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आण्णा पुढं म्हणाले, “खरं सांग तू. माझी काळजी करू नगंस.”

टाइपरायटर थांबला.

“हं, विचारा,” जज्जसाहेब म्हणाले.

घोरपडे पुढं आले. आता त्यांच्या आवाजात टिंगल नव्हती. सरळ माणसाशी बोलावं तसं बोलले. “हे बघा बाई, तुम्ही शपथ घेतलीय. गुरुवारी सकाळी तुमच्या आईनं मरण मागितलं होतं? तुम्ही स्वतः बघितलंत?”

खरं एका वाक्याचं होतं: मी निघाले तेव्हा आई झोपलेली होती. तेवढंच म्हटलं असतं तरी तीनशे दोन. साठीचा माणूस, जन्मठेप, तुरुंगातच संपले असते. आणि आत्ता वाचलेलं सांगितलं असतं तर विचारायलाच नको. एका बाजूला ते. दुसऱ्या बाजूला आईचा हात, ढकलणारा. मला आईचा राग आला, आण्णांचा आला, स्वतःचा आला. कोर्ट माझ्या तोंडाकडं बघत होतं.

“बघितलं,” मी म्हटलं.

“काय बघितलं?”

“मी पाळीवर निघाले होते. आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं. म्हणाली, आज मला सोडवायला सांग तुझ्या आण्णाला. आण्णा तिथंच हुते. त्यांनी पन वाचलं.”

“आजच?”

“आजच.”

“आणि मग तुम्ही काय केलंत?”

हे मी ठरवलेलं नव्हतं. खोटं बोलायला लागलं की पुढचं पाऊल कुठं पडणार ते आपल्याला कुठं ठाऊक असतं?

“मी कामावर गेले,” मी म्हटलं.

“आईनं असं सांगितल्यावर तुम्ही कामावर गेलात?”

“पाळी होती.”

ज्युनिअर वकीलसुद्धा माझ्याकडं असा बघत होता की मी काहीतरी घाण केलीय. घोरपडे म्हणाले, “मला आणखी काही विचारायचं नाही,” आणि खाली बसले. पलीकडं आण्णा पिंजऱ्यात मटकन खाली बसले होते. पोलीस त्यांना बगलेत हात घालून उठवत होता.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. सहा वर्षं. निकालपत्रात जज्जसाहेबांनी लिहिलं की मयतेची संमती शेवटपर्यंत होती आणि मुलीची साक्ष भरवशाची वाटते. पोतनीसांनी मला पेढा दिला. मी तो खाल्ला, काय करणार.

पण मला सांगायचंय ते त्या साक्षीच्या दिवसाचं. जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर आले तर दिगू कोर्टाच्या आवारात चहाच्या गाड्यापाशी उभा होता. हातात भरलेला कप, साय धरलेली. मला वाटलं, तो माझ्या गळ्यात पडेल. बापाला वाचवलं होतं मी.

“आक्का,” तो म्हणाला, “मी रविवारी येणार ते आईला ठाऊक होतं?”

“होतं.”

“नक्की?”

“मीच सांगितलेलं तिला. तुझा फोन आल्यावर.”

त्यानं मान हलवली.

“गुरुवार, शुक्रवार, शनवार,” तो म्हणाला. “तीन दिवस. तीन दिवस तिला माझ्यासाठी काढता आले न्हाईत व्हय ग?”

माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. येड्या, तिनं तुझंच नाव घेतलं. शेवटचं तुझंच नाव घेतलं. ती तुझी वाट बघत होती आणि...

आणि पुढं काय सांगणार होते?

“लई दुखत होतं रे तिला,” मी म्हटलं.

“दुखत असंल,” तो म्हणाला. “पन तू? तुला सकाळी कळलं होतं ना ती काय म्हणाली ते? कोपऱ्यावरच्या दुकानात फोन होता, आक्का. एक फोन करून आण्णांना थांबवलं असतंस तर मी संध्याकाळपत्तर आलो असतो.”

“माझ्या ध्यानात आलं न्हाई.”

त्यानं कप तसाच गाड्यावर ठेवला आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागला. मी त्याला हाक मारली नाही.

आण्णा सुटून आले आणि माझ्याजवळ नऊ वर्षं जगले. आम्ही दोघं रोज जेवायला समोरासमोर बसायचो आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघायचो नाही. ते गेले त्यालाही आता दहा वर्षं होतील. त्यांना कुठलं कोर्ट आता शिक्षा करू शकत नाही, मला करू शकेल कदाचित, त्याचं मला काही वाटत नाही. दिगू आण्णांच्या सगळ्या दिवसकार्याला आला, खांदा दिला, पाणी दिलं. बापाबद्दल त्याच्या मनात माया आहे. आईचं श्राद्ध मात्र त्यानं एकदाही घातलं नाही. मी घालते, बाईमाणसानं घालू नये म्हणतात तरी.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात सगळ्या वडीलधाऱ्यांचे फोटो मांडले होते, आण्णांचा होता, त्याच्या सासऱ्यांचा होता. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, “दिगू, आईचा फोटो लाव रे. आज तरी.”

पन्नाशीचा माणूस तो, डोईचे केस पांढरे झालेले. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, “तिला मला बघायचं न्हवतं, आक्का. तूच सांगितलंस की कोर्टात.”

मी तोंड उघडलं. बाजूला ताशा वाजत होता, इतका मोठ्यानं की काही ऐकू येत नव्हतं. मी सगळं सांगितलं त्याला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नुसत्या ओठांनी. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मग कानाशी हात नेऊन त्यानं विचारलं, “काय म्हणालीस?”

“काही न्हाई,” मी ओरडून सांगितलं. “पाहुणे जेवायला बसवायचेत, चल.”